बाकड्यावरची अर्धी जागा

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात स्वतःवर एवढं प्रेम करणारा माणूस आमच्या पेंटरशिवाय दुसरा झाला नाही, असं मी दहा वर्षं छातीठोकपणे सांगत आलो आणि दहा वर्षं साफ चुकत आलो. पण माझा तरी काय दोष? ह्या गृहस्थानं स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाचं चित्रच काढलं नाही. म्हैस काढली की तिला ह्याची मिशी. नवरी काढली की मुंडावळ्यांच्या मधोमध ह्याची मिशी. कृष्णेतला मासा, एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलेली म्हातारी, पिंपळावरची हडळ, सगळ्यांना तीच मिशी. आणि मिशी तरी कशी, हवालदारानं सलाम ठोकावा अशी भरघोस, दोन्ही टोकं वर वळवलेली. "अरे, निदान हडळीला तरी सोड," मी एकदा वैतागून म्हणालो. त्यावर तो मिशीवरून बोट फिरवत म्हणाला, "आवं अण्णा, हडळ म्हंजी मीच की. पिंपळावर बसून वाट बघती बिचारी." मी खो खो हसलो. कुणाची वाट, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

कराडच्या बाजारपेठेत माझं फ्रेमचं दुकान आहे. देव, दिवंगत आणि नवरा-नवरी ही माझी कायमची मंडळी. तिघंही एकदा काचेच्या आत गेली की गप्प बसतात, म्हणून मला हा धंदा आवडतो. पेंटर मात्र माझ्या शिस्तीत कधी बसला नाही. मी पडलो मापाचा माणूस. अर्धं सूत इकडं की तिकडं झालं तर मला जेवण जात नाही. आणि हा चित्र घेऊन यायचा ते एका बाजूनं दोन फूट, दुसऱ्या बाजूनं सव्वादोन, आणि वर मलाच सांगायचा, "तिरकं न्हाई अण्णा ते. वारं सुटलंय त्यात."

चित्र कुठून सुरू करतोस, असं त्याला कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "डाग दिसंल तिथनं." कोरा कागद समोर ठेवला की हा नुसता बसून राहतो, मिशी ओढतो, दोन चहा पितो आणि घरी जातो. पण कुठं ओल आली, चहा सांडला, पोपडा उडाला की कानामागचा ब्रश ह्याच्या हातात आलाच म्हणून समजा. आमच्या घराच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. त्या ओलीची त्यानं माझ्या बायकोच्या देखत बदकं केली. मिशीवाली सात बदकं. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर एकदा तेलाचा डाग पडला होता, मला पत्ताच नाही. "हलू नका अण्णा, माशी हाय," म्हणून ह्यानं मला पाच मिनिटं उभं केलं. नंतर मी बँकेत गेलो, तर माझ्यामागची रांग खुसूखुसू हसतेय. घरी येऊन शर्ट काढतो तर पाठीवर पोपट, चोचीखाली मिशी. मी त्याला असा फाडून खाल्ला की शेजारचा मोबाइलवाला बाहेर आला. बायकोनं मात्र तो शर्ट कापून उशीचा अभ्रा शिवला. आजही मी त्याच पोपटावर डोकं ठेवून झोपतो, आता काय सांगायचं!

बेंदूर आला की हा गावोगाव बैलांची शिंगं रंगवायला जायचा. एका वर्षी एका मळेकऱ्याच्या बैलाची शिंगं रंगवून झाली आणि ह्याला काय लहर आली कोण जाणे, माझ्याच बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली खिशातून काढून ह्यानं बैलाचे चारही खूर रंगवले. मालक काठी घेऊन धावला. "अरं, माझा बैल हाय का नाचणारीण?" पेंटर शांतपणे म्हणाला, "मामा, एकदा मिरवून तर बगा." मिरवणुकीत बघणाऱ्यांनी दुसऱ्या बैलाकडं ढुंकून पाहिलं नाही, आणि बैलही असा पाय उचलून चालायला लागला की विचारू नका. पुढच्या बेंदराला आठ जोड्या रांगेत उभ्या. बायकोनं त्या वर्षी बाटली कुलपात ठेवली.

आता भिंती रंगवायचं काम राहिलं नाही. सगळीकडं फ्लेक्स. दुसरा असता तर फ्लेक्सच्या नावानं बोटं मोडत बसला असता. ह्यानं फ्लेक्सच उलटा केला. कुणा भाऊंचा, दादांचा वाढदिवस उरकला आणि फ्लेक्स उतरले की हा ते गोळा करून आणतो आणि पाठीमागच्या पांढऱ्या बाजूवर चित्रं काढतो. त्यामुळं ह्याच्या प्रत्येक चित्राच्या पाठीशी कुणी ना कुणी गॉगल लावून, मोबाइल कानाला धरून, भक्कम उभं असतं. "आमाला नेत्याचा पाठिंबा हाय," असं तो सांगतो.

आमचं खरं भांडण काचेवरून. मी म्हणायचो, बिनकाचेचं चित्र म्हणजे उघडं ठेवलेलं दूध. धूळ बसते, माशा बसतात, येणारा जाणारा हात लावतो. तो म्हणायचा, "लावू द्या की हात. काच घातली की बगणारा भाईर ऱ्हातो अण्णा." दहा वर्षांत त्यानं एकाही चित्राला काच घालू दिली नाही.

एक दिवस तो दुपारचा आमच्या घरी जेवायला होता. मी भाकरी मोडत सहज म्हणालो, "चाळिशी आली, आता तरी लग्नाचं बघ." त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "अण्णा, मला बाप्येच आवडत्यात. पयल्यापासनं. इंग्रजीत क्वीअर म्हणत्यात म्हणं. शब्द बरा हाय; आपल्याकडं ह्याला लय वंगाळ शब्द हायत." मी भाकरीकडं बघत राहिलो. माझी बायको म्हणाली, "बरं, मग घास का ठेवलास? भाजी वाढू का?" तो असा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मात्र त्या दुपारी दुकानात जाऊन एकच पट्टी चार वेळा मोजली आणि चारही वेळा चुकलो. माझ्या तोंडून बरा शब्द जायला पंधरा दिवस लागले, आणि तोही काय, तर "चहा घेणार का?" एवढाच. त्याला तेवढा पुरला. मला अजून पुरला नाही.

तर मागच्या उन्हाळ्यात सांगलीच्या दोन शिकलेल्या मुलींनी ह्याची चित्रं कुठं तरी मोबाइलवर पाहिली आणि सांगलीत एका हॉलमध्ये तीन दिवस प्रदर्शन ठरवलं. पेंटरनं बारा चित्रं माझ्या दुकानात आणून टाकली. नेमकी लग्नसराई. माझ्या डोक्यावर नवरा-नवऱ्यांचा ढीग. त्या बारांत एक चित्र लांबलचक होतं. एसटी स्टँडवरचं बाकडं, आणि त्याच्या डाव्या टोकाला पेंटर बसलेला, आईचं हिरवं लुगडं नेसून, मांडीवर जेवणाचा डबा, मिशी नेहमीपेक्षा नीट विंचरलेली. उजवी बाजू मात्र मोकळीच. बाकड्याच्या दोन पुसट रेघा पुढं गेलेल्या आणि वर सगळं पांढरं. मला वाटलं, ह्याला नेहमीप्रमाणं माप साधलं नाही, फ्लेक्स उरला. मी पट्टी ठेवली आणि ती मोकळी बाजू सरळ कापून टाकली. कडा अशा काटकोनात बसल्या की मी स्वतःवर खूश झालो.

आठवड्यानं तो आला आणि चित्रासमोर उभा राहिला. मग तो खाली फरशीवर बसला. "अण्णा, हितली जागा कुटं गेली?"

"कसली जागा? कोराच होता की तो तुकडा."

"कोराच ठिवलावता. अकरा वरीस."

आणि मग त्यानं सांगितलं. जतकडचा एकजण होता, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची गाडी आणायचा. गाडीच्या मागच्या फळीवर पेंटरनं कमळ काढलं, तिथं ओळख झाली. दोन वर्षं तो यार्डातली हळद भरून कराडवरून पुण्याकडं जायचा तेव्हा स्टँडवरच्या त्या बाकड्यावर दोघं एका डब्यातली भाकरी खायचे. मग त्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं. शेवटच्या दिवशी पेंटर म्हणाला, तुझं एक चित्र काढून ठेवतो. तो म्हणाला, "माझ्या माघारी काढू नगंस. मी येतो, तुझ्यासमोर बसतो, मग काढ." आणि गेला.

"कराड ते सांगली दोन तासांचा रस्ता," मी म्हणालो. "अकरा वर्षांत एकदा जाता आलं नाही तुला?"

"मी कशाला जाऊ? येतो म्हनला हुता त्यो."

इतक्या वर्षांत मला प्रश्न पडला नव्हता, की जो माणूस म्हशीत, माशात, हडळीत स्वतःला बसवतो, तो दुसऱ्याचं तोंड का काढत नाही. एकाचंच तोंड ह्याला काढायचं होतं, आणि ते न काढण्याचा शब्द देऊन हा बसला होता. प्रदर्शनाच्या निमित्तानं ह्यानं अकरा वर्षांनी त्याला मोबाइलवर निरोप धाडला होता: हॉल यार्डापासून जवळच हाय, तुझी जागा ठिवलीया. निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या होत्या. उत्तर आलं नव्हतं. आणि ती जागा मी, मापाचा माणूस, कातरीनं कापून बसलो होतो.

बरं, तो तुकडा तरी दुकानात असावा! पण मला काही वाया घालवायची सवय नाही. चांगला जाड फ्लेक्स, म्हणून मी तो कुठल्या तरी फोटोच्या पाठीमागं घालून फ्रेम बंद केली होती. कुठल्या, ते आठवेना. त्या आठवड्यात सात फ्रेमा गेल्या होत्या. पेंटरला माझ्या स्कूटरवर मागं बसवलं आणि आम्ही दारोदार निघालो. नव्या नवरा-नवरीच्या घरी मी फोटो भिंतीवरून काढून खिळे उपसायला लागलो तर सासूबाई म्हणाल्या, "आवं, लगीन होऊन आठ दिस न्हाई झाले, फोटू कशाला मोडताय?" दुसऱ्या घरी देवाच्या फोटोला हात लावायच्या आधी आम्हाला पाय धुवायला लावले. तिसऱ्या घरी कुत्रं सोडलं. पाचव्या घरी, नदीकाठच्या एका गावात, एका म्हाताऱ्या आज्जीच्या नवऱ्याचा फोटो उलटा केला, आणि हार्डबोर्डाखालून एका नेत्याचा अर्धा चेहरा बाहेर आला. अर्धी मिशी, एक गॉगल, आणि खाली तुटक्या शुभेच्छा. तोच तुकडा.

आज्जी वाकून बघतच राहिल्या. "आगं बया! इतकं दिस आमच्या ह्येंच्या पाठीमागं ह्यो कोण हुता?"

मी घाम पुसत माफी मागितली. पेंटरनं तुकडा उलटा करून त्यांना पांढरी बाजू दाखवली. "आज्जी, ह्यात माझ्या माणसाची जागा हाय. कापली गेलती."

आज्जींनी त्या पांढऱ्याकडं बघितलं, पेंटरकडं बघितलं. कोण माणूस, कसला माणूस, एका शब्दानं विचारलं नाही. सोप्यातल्या एका रिकाम्या लाकडी खुर्चीकडं हात करून म्हणाल्या, "न्हे बाबा. जागा ठिवावीच लागती. मीबी ह्येंच्या खुर्चीत कुनाला बसू देत न्हाई." मी मघाशी त्याच खुर्चीत टेकणार होतो आणि त्यांनी मला पोत्यावर बसवलं होतं, ते मला आत्ता कळलं.

दुकानात येऊन मी म्हणालो, मागून पट्टी लावून असा बेमालूम जोडतो की तुलाही जोड सापडणार नाही. त्यानं ऐकलं नाही. पोती शिवायचं दाभण आणि सुतळी घेऊन त्यानं स्वतः ते दोन तुकडे शिवले, हे एवढाले टाके घालून. "दिसू द्या की अण्णा. कापलं गेलंय ते गेलंय." बाकड्याच्या मधोमध ते टाके वरपासून खालपर्यंत गेले. मी फ्रेम केली. काच नाही.

सांगलीचं प्रदर्शन मजेत चाललं. पहिल्या दिवशी पंख्याच्या वाऱ्यानं एक चित्र उलटं फिरलं आणि मागचे भाऊ गॉगलसकट पुढं आले. एक माणूस त्यांना नमस्कार करून, चप्पल घालून, समाधानानं निघून गेला. पोरीबाळी मिशीवाल्या म्हशीसमोर उभ्या राहून फोटो काढत होत्या. पेंटर मात्र इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. रस्त्यावरून ट्रकचा आवाज आला की ह्याची मान वळायची. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला ते बघवेना. मी ओरडलोच त्याच्यावर, "सकाळपासून पाण्याचा घोट नाही. जा, समोर मिसळ खाऊन ये. मी आहे ना इथं!" तो जाईना. मी दंडाला धरून त्याला रस्त्यापलीकडं पाठवला. माझी ही दुसरी चूक.

तो गेला आणि पाच मिनिटांत एक माणूस आत आला. पन्नाशीकडं झुकलेला, अंगात खाकी शर्ट, केसांवर, भुवयांवर, हातांवर पिवळी धूळ. म्हशीकडं त्यानं बघितलं नाही, बैलाकडं नाही. सरळ बाकड्याच्या चित्रासमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "लुगडं आईचंच हाय न्हवं?"

मी स्टूल पुढं केलं. "बसा. तो समोरच गेलाय, आत्ता येईल. हाक मारतो."

"नगा. गाडी वाटंत लावलीया." मग टाक्यांकडं बघून म्हणाला, "ह्ये काय, शिवलंय?"

"माझ्या हातून कापलं गेलं होतं."

"मग जोडलं ते बरं केलंसा." एवढं बोलून तो पुढं झाला आणि त्यानं हात लांब करून बाकड्याच्या उजव्या बाजूवर ठेवला. बसताना माणूस हात टेकतो ना, अगदी तसा. चित्राला कुणी बोट लावलं तर अंगावर धावून जाणारा मी, पण मी जागचा हललो नाही. तो तसाच थोडा वेळ उभा होता. मग हात काढला, मला नमस्कार केला आणि गेला. मी दाराशी जाऊन पेंटरला हाका मारेपर्यंत बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

पेंटर तोंड पुसत धावत आला. मला एक शब्द बोलावा लागला नाही. पांढऱ्या जागेत, बाकड्याच्या दोन रेघांवर, हळदीची पाच बोटं उमटली होती. त्याचा हात सवयीनं कानामागच्या ब्रशाकडं गेला. डाग दिसला की हा थांबत नाही, हे मला माहीत. त्यानं ब्रश काढला, हातात फिरवला आणि खिशात ठेवला.

"आलता?"

"आलता."

"बसला?"

मी जन्मात खोटं माप सांगितलेलं नाही. पण त्या पाच बोटांकडं बघून म्हणालो, "बसला. थोडा वेळ बसला."

तो चित्राच्या इतका जवळ गेला की त्याचा श्वास लागून हळद उडेल असं मला वाटलं. त्यालाही तेच वाटलं असावं, कारण तो तोंडावर हात धरून मागं सरला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "काच लावा, अण्णा."

त्याच संध्याकाळी मी सांगलीतूनच काच आणली आणि तिथंच फरशीवर बसून लावली. माप एका फटक्यात बरोबर आलं. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, तर ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, "लागली म्हणायची त्याला हळद."

ते चित्र आता माझ्या दुकानात आहे. विकायचं नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, अण्णा, आतला डाग पुसायचा राहिला वाटतं. मी हूं म्हणतो. पेंटर अजून म्हशींना मिशा काढतो, अजून ओलीची बदकं करतो, आणि तोंड मात्र त्या एकाचं अजून काढत नाही. समोर कुठं बसलाय अजून, म्हणतो. दुपारचा येतो आणि चित्राखालच्या माझ्या बाकड्यावर बसतो, डाव्या टोकाला. गिऱ्हाईक आलं आणि त्याच्या शेजारी टेकायला लागलं, की मी उठून माझं स्टूल पुढं करतो.